उभ्या भातात बांधलेली गाय

सरपंच झाले त्या आठवड्यात मला पहिला सल्ला मिळाला तो चहाबद्दल. एका घरी चहा घेतला तर आळीतल्या सगळ्या घरी घ्यायचा, नाहीतर कुणाकडेच घ्यायचा नाही, असं जुन्या सरपंचांनी मला सांगितलं. सांगितलं ते माझ्याच पडवीत बसून, माझ्याच घरचा चहा पिता पिता. सल्ला सोन्यासारखा होता. पण मी मनात म्हटलं, आपण विरुद्ध पार्टीच्या घरी बसू नये म्हणून हा बंदोबस्त दिसतोय.

माझा स्वभावच असा. कुणी वाट दाखवली की मी आधी त्या माणसाचं घर त्याच वाटेवर आहे का ते बघते. हे माहेरचं वळण. मी मूळची महाडची, बाजारपेठेत आमचं किराणा दुकान. पावसाळ्यात गल्लीतून गाडी फिरायची, भोंग्यावर सांगायचे की नदीचं पाणी वाढतंय पण नागरिकांनी घाबरून जाऊ नये. 'घाबरून जाऊ नये' हे शब्द कानावर पडले की वडील साखरेची पोती माळ्यावर चढवायला घ्यायचे. पूर ओसरल्यावर शेजारचे दुकानदार माल खाली उतरवायचे, दुकान धुवायचे, अगरबत्ती लावायचे. आमची पोती मात्र दिवाळीपर्यंत माळ्यावरच. गिऱ्हाईकाने साखर मागितली की वडील शिडी लावून वर चढायचे आणि बाजार हसायचा. वडील म्हणायचे, "पाणी गेलंय, पावसाळा नाही गेला." त्यांच्याकडून मला दुकान मिळालं नाही, हा संशय मात्र पुरेपूर मिळाला.

लग्न करून आले ती पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या आतल्या अंगाला. गाव नदीकाठचं. खाली भातशेतीवाल्यांची घरं, आणि मधला ओढा ओलांडून डोंगर चढून गेलं की वरची वाडी. वाडीतली माणसं म्हशी, गाई, शेळ्या पाळतात, उतारावर नाचणी-वरी करतात. ग्रामपंचायत दोघांची एकच. सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा जुन्या सरपंचांनी माझं नाव पुढे केलं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, मीही म्हणायचे. नाव पुढे केलं म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गावात बायका का कमी होत्या? त्यांच्या स्वतःच्या घरात दोन सुना होत्या. मग बाहेरून आलेली, महाडची, बारावी झालेली, गावात पाठीशी भावकी नसलेली मीच का? मी सरळ विचारलं. ते हसून म्हणाले, "तुला इस्वास नाय म्हणून." याचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही.

तर अशी माझी शाळा सुरू झाली. सकाळी गुरांचं आटोपून तात्या पडवीत येऊन बसायचे आणि एकेक धडा द्यायचे. ग्रामसभेत 'नाही' म्हणू नको, 'बघू' म्हण. गावात भांडण झालं तर पहिल्या दिवशी जाऊ नको, पहिल्या दिवशी कोण खरं बोलत नाही. साहेब आला की आधी त्याला जेवायला घाल आणि मग गाऱ्हाणं सांग, भुकेला साहेब नुसता घड्याळ बघतो. फोटोत मध्ये उभी राहू नको, मधला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. मी प्रत्येक सल्ला बाजारातल्या नारळासारखा कानाशी धरून हलवून बघायचे. आत पाणी असायचंच, आणि त्यातलं थोडं तात्यांच्या तोंडात पडणारं असायचं. 'बघू' म्हटलं की बघायला शेवटी तेच जाणार. फोटोत मी कडेला म्हणजे मध्ये ते. तरी सल्ले लागू पडायचे, हे कबूल करायला माझ्या जिवावर यायचं. फुकटचं शहाणपण कुणी देत नाही असं मी नवऱ्याला सांगायचे. तो सकाळी महाडच्या कारखान्यात कामाला जायच्या घाईत असायचा. तो म्हणायचा, मग घेऊ नको. घेतल्याशिवाय मात्र मला राहवायचं नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडलेली दिसली. आधी गुराख्यांना दिसली, मग तलाठ्याला, मग पुण्याहून माती-दगडाचा अभ्यास करणारे लोक आले आणि त्यांनी भेगेत काठी घालून बघितली. आमच्या भागात अशी भेग म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. कशेडी घाटात रस्त्यावर दरड आली की ट्रक अडकतात, लोक ट्रकच्या सावलीत बसून भाकरी खातात, जेसीबी येतो आणि रस्ता मोकळा होतो. घरांवर आलेली दरड अशी मोकळी करता येत नाही. ते आम्ही आजूबाजूला बघितलेलं होतं. तहसील कार्यालयाने वाडीला नोटिसा दिल्या: पाऊस वाढला की खालच्या शाळेत राहायला या. वाडीतल्या माणसांचा जीव वाचायचा तर ती माणसं खाली यायला हवी होती, आणि त्यांना खाली आणणं हे आता माझं काम होतं. त्या काळात जेवताना घास तोंडाजवळ थांबायचा आणि माझी नजर खिडकीतून डोंगराकडे जायची.

तहसीलदार स्वतः वाडीत आले. तरुण होते, चांगले होते, म्हणजे निदान संशय घ्यावा असं मला काही सापडलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, दरडीची चित्रं दाखवली. वाडीतली माणसं अंगणात उकिडवी बसून ऐकत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. येतो की साहेब, आम्हाला काय जीव नकोसा झालाय का, असं म्हणाली. साहेब खूश होऊन उतरले. तात्या सोबत होते, ते काही बोलले नाहीत. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही.

जुलैत पाऊस धरून राहिला. आम्ही शाळेत सतरंज्या अंथरल्या, गॅस नेला, तांदूळ-डाळ भरली. पहिल्या दिवशी वाडीतली निम्मी माणसं आली, जेवली, झोपली. उजाडायच्या आत शाळा रिकामी. पुढच्या दिवशी फक्त म्हातारे आले आणि तेही पहाटे गेले. तिसऱ्या खेपेला कुणीच नाही. मंडळ अधिकारी चिडले. या लोकांना स्वतःची काळजी नाही तर शासनाने किती करायचं, असं मला फोनवर म्हणाले. मी ऐकून घेतलं. पण माणूस अडाणी आहे हे उत्तर मला कधी पटत नाही. अडाणी माणूससुद्धा काहीतरी हिशेब करूनच हट्ट धरतो.

मग मी माझ्या सवयीने साप साप म्हणून भुई धोपटायला लागले. पहिला संशय मोटारीचा. उन्हाळ्यात पुण्याच्या पासिंगची एक पांढरी गाडी वाडीपर्यंत जाऊन आली होती. तिकडे कुडपणच्या बाजूला माणसं पठार बघायला येतात, गार वाऱ्यात फोटो काढतात, आणि मागोमाग जमिनीचे दलाल येतात. वाडी रिकामी झाली की ती जागा कुणाला हवी असेल? वाडीतल्या लोकांना कुणीतरी सांगितलं असेल की खाली उतरलात तर परत चढू देणार नाहीत. दुसरा संशय तात्यांचा. वाडी त्यांचं जुनं मतदान. मी फसले, शाळा रिकामी राहिली, पेपरात आलं की बाई सरपंच निष्क्रिय, तर फायदा कुणाचा? त्यांचा पुतण्या दोन वर्षांपासून पांढरे कपडे घालून फिरत होता. पांढरे कपडे काही कुणी उगाच धूत नाही.

एका दुपारी पावसाने जरा दम घेतला तेव्हा मी एकटीच वाडीत गेले. सोबत ग्रामसेवक नाही, तात्या नाहीत. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर लागत होतं. वाडीतल्या पहिल्याच घरात एक आजी राहायची. मुलगा नालासोपाऱ्याला, घरात ती, सून आणि म्हशी. सबंध वाडी तिचा शब्द मानायची, कारण ती कुणाच्या पुढे बोलायची नाही आणि कुणाच्या मागेही. तिने मला चुलीपुढे बसवलं, चहा दिला. मी दलालाचं विचारलं. ती म्हणाली, "आला हुता. हाकललाव." मी तात्यांचं विचारलं. ती म्हणाली, "तात्या कशाला येतोय हितं." आणि बोलता बोलता तिची मान सारखी गोठ्याकडे वळत होती. एक म्हैस नुकतीच व्यायलेली होती, रेडकू तिच्या पायाशी धडपडत होतं.

मला तेव्हा सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. पहाटे शाळा रिकामी व्हायची ती धार काढायची वेळ. मी विचारलं, "आजी, म्हशी खाली का आणत नाही?"

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "तुमच्या गावकीला इचार."

गावकी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. ग्रामपंचायत शासनाची, गावकी गावाची. ती देवळात बसते, तिथे मानकरी असतात, आणि बाईमाणूस तिथे बसत नाही. म्हणजे पंचायतीत माझी खुर्ची मधली, आणि देवळात मला पायरीच्या वर जागा नाही. या गावकीचा एक जुना ठराव होता, त्याला 'बंदी' म्हणतात. भाताची पेरणी झाली की वाडीची गुरं ओढ्याच्या अलीकडे उतरवायची नाहीत, कापणी होईपर्यंत. कापणी झाली की तीच गुरं आमच्या शेतांत मोकळी फिरतात, त्यांचं शेण आम्हाला गोड लागतं. पण पावसाळ्यात एक जरी रेडा खाली दिसला तरी माणसाला देवीसमोर उभं करतात. वाडीला ते माहीत, गावाला ते माहीत. पण तहसीलदारासमोर अंगणात बसलेल्या एकाही तोंडातून ते बाहेर पडलं नाही, वाडीच्या नाही आणि आमच्याही नाही. गावकीची गोष्ट सरकारपुढे बोलायची नाही, ही आमच्याकडची रीत. डोंगर फुटला तरी चालेल, पण ती फुटायची नाही. साहेबाने माणसांसाठी सतरंज्या आणल्या. म्हशींसाठी काही लागेल, हे त्याला सांगितलं कुणी? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी तशीच ओल्या पातळाने तात्यांच्या घरी गेले. तुम्हाला माहीत होतं, असं मी म्हटलं. मला प्रचंड राग आला होता आणि मी तो लपवला नाही.

"ठाऊक नसल कसं," ते म्हणाले. "बंदी मीच घातलीय."

मग त्यांनी सांगितलं. ते तरुण असताना वाडीच्या गुरांनी खालचा भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, एका दुपारात खाऊन टाकली होती. त्यावरून मारामारी झाली, डोकी फुटली, दोन्ही बाजू कोयते घेऊन ओढ्यावर उभ्या राहिल्या. तात्यांनी मध्ये पडून दोघांना देवळात आणलं, देवीपुढे स्वतःच्या हाताने नारळ ठेवला आणि बंदी ठरवली. तिथून त्यांचं पुढारपण सुरू झालं. तेव्हापासून ओढ्यावर रक्त सांडलं नाही.

"मग आता तुम्हीच ती उठवा," मी म्हटलं.

"मला उठवता यायची नाय. नारळ माझ्या हातचा हाय. आज मी मोडला तर उद्या माझा कंचा शब्द कोण मानील? आन् गावकीला इचारशील तर गावकी नायच म्हणणार, लावणी चाललीय. तू गावकीत नायस, सूनबाई. तू नारळ ठेवलेला नाय."

 म्हणजे मी मोडावी. मोडल्यावर गावकी माझ्यावर उलटणार, तात्यांनीच करवलं म्हणून वाडी त्यांना दुवा देणार, आणि पुढच्या निवडणुकीत पांढऱ्या कपड्यांना रस्ता मोकळा. मी ते तसंच्या तसं बोलून दाखवलं.

"व्हय, तसंच व्हणार," ते म्हणाले. "माझा फायदा हाय त्यात. फायदा नसता तर तू माझं ऐकलं असतंस का? शोधत बसली असतीस, कुठं हाय म्हणून."

इतकं खरं बोलणारा पुढारी मी दुसरा बघितला नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला. पण डोंगरावर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

जागेचा प्रश्न होता. आमची वरकस जमीन, म्हणजे भात न होणारी पडीक, ती ओढ्याच्या पलीकडे त्याच डोंगराच्या पायथ्याला. अलीकडे सपाट म्हणावी ती सगळी भाताची खाचरं. दुसऱ्याच्या शेतात गुरं घालायचा मला हक्क नव्हता. आमचं मोठं खाचर ओढ्याला लागून, नुकती लावणी झालेलं, रोपं उभी राहिली होती. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वर्षाचा तांदूळ विकत घेऊ, आपल्याला कारखान्याचा पगार आहे, पण आईला हे तू सांग. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी ऐकलं, देवापुढे दिवा लावला आणि माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

वाडीला निरोप पाठवला: गुरं आमच्या खाचरात आणा, गोठाही मोकळा करतो, पेंढा देतो. कुणी आलं नाही. का, ते मला लगेच कळलं, कारण त्यांच्या जागी मीही आले नसते. गुरं ओढा ओलांडून आली की गावकीने पकडायची, वाडीची माणसं देवळात उभी करायची, आणि बाई म्हणणार मी असं बोललेच नव्हते. माझ्यासारख्या संशयी बाईला संशयी माणसांचा राग येत नाही. त्यांना शब्द नको असतो, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं असतं. तात्यांच्या शाळेत हा धडा नव्हता, तो मला माझ्या स्वभावाने दिला.

वाडीतून आमचं खाचर स्पष्ट दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव शेतावर असताना मी आमची तांबडी गाय गोठ्यातून सोडली, खांद्यावर खुंटा घेतला आणि बांधावरून चालत निघाले. खाचराच्या मधोमध उभ्या भातात जाऊन खुंटा ठोकला आणि गाय बांधली. शेतकऱ्याच्या घरात हे काय आहे ते शब्दांत सांगता येत नाही. चिखलात पडलेलं रोपटंसुद्धा आमच्याकडे उचलून परत लावतात. शेजारच्या शेतातल्या बायका लावणी थांबवून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.  गाईला सुद्धा पहिल्यांदा धीर होईना, ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि भात खायला सुरुवात केली. मी तिथेच उभी राहून रडले, आणि पावसात ते कुणाला दिसलं नाही याचं मला बरं वाटलं.

दुपारपर्यंत वाडीतून पहिल्या म्हशी उतरल्या. ओढ्यात माणसं दोन्ही बाजूंनी दोर धरून उभी राहिली. संध्याकाळच्या आत सगळी वाडी खाली होती, गुरं माझ्या शेतात आणि माणसं शाळेत. आजी सगळ्यांच्या शेवटी आली, रेडकू सुनेच्या खांद्यावर.  नुसती खाचराकडे बघून पुढे गेली.

मग आम्ही डोंगर पडायची वाट बघत बसलो. हे लिहायला वाईट वाटतं, पण खरं तेच आहे. पाऊस कोसळत होता, नदी बांधाला लागली होती, आणि रोज सकाळी सगळं गाव वर बघायचं. डोंगर जागच्या जागी. पाऊस ओसरला, ऊन पडलं, वाडीची माणसं गुरं घेऊन वर निघून गेली. घरं जशीच्या तशी होती. काही झालं नाही. माझ्या खाचरात चिखल आणि शेण उरलं.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. डोंगर पडला असता तर मी देवी झाले असते. पडला नाही म्हणून मी लबाड ठरले. खालचे म्हणाले, मतांसाठी गावाची बंदी मोडलीन. वरचे म्हणाले, दलालाला जागा दाखवायला आम्हाला उठवलंन, भीती घालून. दोघांचंही मला समजत होतं, तेच जास्त लागलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि माझ्यासारखी बाई समोर आली असती तर तिच्याकडे असंच बघितलं असतं. गावकीने नवऱ्याला देवळात उभं केलं, कारण मला उभं करायला तिथे जागाच नव्हती. त्याने नारळ वाढवून माफी मागितली. घरी येऊन तो एवढंच म्हणाला की देवळात पंखा बसवायला हवा. तहसीलच्या कार्यक्रमात स्थलांतर यशस्वी झाल्याचं सांगितलं गेलं, फोटो काढले. मी कडेला उभी राहिले. मध्ये तात्या होते.

पुढच्या निवडणुकीत त्यांचा पुतण्या सरपंच झाला. मी उभी राहिले नाही. तात्या तरीही चहाला यायचे. एकदा मी विचारलं, हे सगळं तुम्ही मला पद दिलं त्या दिवशीच ठरवलं होतं का? भेग तेव्हा नव्हती, पण बंदी होती, आणि ती कधीतरी मोडावी लागणार हे त्यांना कळत असणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू." त्यानंतरच्या थंडीत ते गेले. त्यांच्या तेराव्याला वाडीची सगळी माणसं खाली उतरली होती. बंदी कुणी उठवली नाही.

परवाच्या जुलैत पुन्हा पावसाने धरलं. नव्या सरपंचाने भोंगा लावून गाडी ओढ्यापर्यंत नेली. घाबरून जाऊ नका, शाळेत या, असं सांगत गाडी फिरली. कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. मी आता कुणी नव्हते. माझ्या शब्दावर वाडी एकदा उतरली होती आणि काही झालं नव्हतं, त्यामुळे तो शब्द संपला होता. मी पडवीत बसून डोंगराकडे बघत होते.

सकाळी परसदार उघडलं तर खाचराच्या मधोमध म्हैस उभी. लावणी नुकतीच झाली होती, या वेळी आम्ही ती खाचराच्या थोड्याच भागात केली होती. बांधावर आजी बसली होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मी चिखलातून धावत गेले.

"आजी, माझ्यावर विश्वास ठेवून आलात?"

"छे गो," ती म्हणाली. "तुझ्यावर इस्वास नाय माझा. आन् त्या भोंग्यावर तर बिलकुल नाय."

"मग?"

तिने हनुवटीने म्हशीकडे दाखवलं. म्हैस बांधली होती ती माझ्या जुन्या खुंट्याला. गाय बांधण्यासाठी मी ठोकलेला तो खुंटा मी कधी काढलाच नव्हता. त्यानंतर दरवर्षी नांगरणी झाली, चिखलणी झाली, लावणी झाली, आणि दरवेळी मी नांगरवाल्याला खुंट्याला वळसा घालायला लावला. तो कुरकुरायचा. गाव हसायचं. सासूबाई होत्या तोपर्यंत त्याही हसल्या. 

"आमी वरनं बघतोय," आजी म्हणाली. "लोकं म्हणाली बाय खोटं बोलली. मी म्हटलं, खोटं बोलली असती तर खुंटा काढलान असतान. डोंगरावर तुझा पन इस्वास नाय, व्हय ना?"

मी मान डोलावली. ओढ्याच्या पलीकडे वाडीची वाट दिसत होती आणि वाटेवरून गुरं उतरत होती, एकामागे एक, दोर धरलेल्या माणसांसकट.

खुंटा एकच होता. मी घरात गेले आणि आणखी खुंटे शोधायला लागले.